होस्टिंग पॅनेलमधले बॅकअप: कोणता पर्याय काय जपतो आणि तो परत कसा बसवायचा

साइट बिघडल्यावर मदत मागायला येणाऱ्या बहुतेकांकडे बॅकअप असतो, पण ऐन वेळी तो कामी येत नाही. कोणाकडे फायली असतात पण डेटाबेस नसतो. कोणाकडे दोन्ही असतात, पण ते ज्या सर्व्हरवर ठेवलेले होते तोच सर्व्हर बंद पडलेला असतो. आणि पुष्कळांकडे ‘फुल बॅकअप’ नावाची एक भलीमोठी फाइल असते, जी त्यांना स्वतःच्या पॅनेलमधून, म्हणजे होस्टिंग कंपनीने खाते सांभाळायला दिलेल्या पानांवरून, परत बसवताच येत नाही. या सगळ्यांचे मूळ एकच आहे. पॅनेलमध्ये बॅकअपची चार-पाच बटणे असतात आणि त्यांतले प्रत्येक बटण वेगळे काम करते, हे दाबताना लक्षात घेतलेले नसते. म्हणून कोणताही पर्याय निवडण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारावेत: या प्रतीत नेमके काय येते, ती कुठे राहते, आणि ती परत बसवण्याचा अधिकार कोणाला आहे?

पुढील विवेचन मुख्यतः सीपॅनेल हे पॅनेल समोर ठेवून केले आहे. प्लेस्क आणि डायरेक्टअ‍ॅडमिन ही दुसरी पॅनेले जिथे वेगळी वागतात तिथे तसे नमूद केले आहे. उदाहरणे वर्डप्रेसची आहेत, तरी डेटाबेसवर चालणाऱ्या कोणत्याही साइटला क्रम हाच लागू पडतो.

टप्पा १: साइट कुठे कुठे पसरली आहे याची यादी

पॅनेल उघडण्याआधी एका कागदावर किंवा साध्या मजकूर-फाइलमध्ये यादी करावी. साइट म्हणजे ‘पब्लिक_एचटीएमएल’ फोल्डर, अशी समजूत असेल तर ती इथेच सोडून द्यावी. वर्डप्रेससारख्या साइटचे लेख, पाने, प्रतिक्रिया, वापरकर्ते आणि बहुतेक सेटिंग डेटाबेसमध्ये असतात. थीम, प्लगइन आणि चढवलेली चित्रे फायलींमध्ये असतात. याशिवाय खात्यात ईमेल, आलेली पत्रे दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारे ईमेल फॉरवर्डर, फिल्टर, ठरावीक वेळी आपोआप चालणारी क्रॉन कामे, डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी, एसएसएल प्रमाणपत्रे आणि निवडलेली पीएचपी आवृत्ती असते. यांतल्या अनेक गोष्टी अंशतः घेतलेल्या बॅकअपमध्ये येत नाहीत.

डेटाबेसचे नाव अंदाजाने ठरवू नये. एकाच खात्यात तीन-चार डेटाबेस असतात, जुन्या प्रयोगांची नावे आजच्या साइटसारखीच दिसतात, आणि चुकीच्या डेटाबेसचा बॅकअप महिनोन्‌महिने नेमाने घेतला जातो. फाइल मॅनेजरमध्ये ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही फाइल उघडून ‘डीबी नेम’, ‘डीबी यूजर’ आणि तक्त्यांच्या नावांचा उपसर्ग या तीन ओळी पाहाव्यात आणि त्या यादीत उतरवून घ्याव्यात. क्रॉन कामांच्या ओळी जशाच्या तशा नकलून ठेवाव्यात. डीएनएसच्या पानाचा संपूर्ण मजकूर नकलून ठेवणे उत्तम, कारण मेल पोहोचण्यासाठी लागणाऱ्या एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी नंतर आठवून लिहिता येत नाहीत.

*पडताळणी:* यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे ‘फायलींत’, ‘डेटाबेसमध्ये’ किंवा ‘फक्त पॅनेलमध्ये’ यांपैकी एक नोंद झाली आहे ना, ते पाहावे. ‘फक्त पॅनेलमध्ये’ असलेल्या गोष्टी एक तर पूर्ण बॅकअपमध्ये सापडतील किंवा तुमच्या कागदावर.

टप्पा २: पॅनेलमधले पर्याय ओळखणे

सर्वाधिक गोंधळ याच टप्प्यावर होतो, त्यामुळे इथे घाई करू नये.

*पूर्ण खात्याचा बॅकअप.* सीपॅनेलच्या ‘फाइल्स’ विभागात ‘बॅकअप’ आणि ‘बॅकअप विझार्ड’ असे दोन पर्याय दिसतात. दोन्ही तेच काम करतात. विझार्ड फक्त एकेक प्रश्न विचारत पुढे नेतो. त्यातला ‘फुल बॅकअप’ फायली, डेटाबेस, डेटाबेसचे वापरकर्ते, ईमेल, डीएनएस आणि खात्याची सेटिंग हे सर्व एका ‘टार-जीझेड’ (एकत्र बांधून आकार घटवलेल्या) फाइलमध्ये बांधतो. मात्र ही फाइल तुमच्या सीपॅनेलमधून परत बसवता येत नाही. तिच्यासाठी सर्व्हरच्या मालकाकडे असलेले डब्ल्यूएचएम हे वेगळे पॅनेल लागते, म्हणजे ते काम होस्टिंग कंपनीला सांगावे लागते. होस्टिंग बदलताना ही फाइल अत्यंत उपयोगी आहे. मध्यरात्री कोसळलेली साइट स्वतः उभी करताना तिचा थेट उपयोग नाही. काही कंपन्या आपल्या ग्राहकांसाठी हा पर्याय बंदही ठेवतात.

तरीही ती फाइल निरुपयोगी समजून टाकून देऊ नये. ती संगणकावर उघडली तर आत ‘होमडिर’ आणि ‘मायएसक्यूएल’ अशी फोल्डरे असतात. पहिल्यात तुमच्या सगळ्या फायली आणि दुसऱ्यात प्रत्येक डेटाबेसची एसक्यूएल फाइल (डेटाबेस पुन्हा उभा करणाऱ्या आज्ञांची मजकूर-फाइल) मिळते. अडचणीच्या वेळी त्यांतून हवे तेवढे बाहेर काढून हाताने चढवता येते.

*अंशतः बॅकअप.* त्याच पानावर होम डिरेक्टरी (तुमच्या खात्याचे मुख्य फोल्डर), मायएसक्यूएल डेटाबेस, ईमेल फॉरवर्डर आणि ईमेल फिल्टर यांचे वेगवेगळे बॅकअप उतरवता येतात आणि त्याच पानावरून तुम्ही स्वतः ते परत बसवू शकता. रोजच्या सुरक्षिततेसाठी माझा भर यांच्यावरच असतो. पण त्यांच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. डेटाबेसच्या बॅकअपमध्ये तक्ते आणि त्यांतला मजकूर येतो. डेटाबेसचा वापरकर्ता, त्याचा पासवर्ड आणि त्याला दिलेले अधिकार येत नाहीत. होम डिरेक्टरीच्या बॅकअपमध्ये ‘मेल’ फोल्डर असल्याने आलेली पत्रे येतात, परंतु डेटाबेस, क्रॉन आणि डीएनएस येत नाहीत. ‘होम डिरेक्टरी घेतली म्हणजे सगळे आले’ हा समज सर्वांत महागात पडतो.

*होस्टिंग कंपनीने ठेवलेल्या प्रती.* अनेक सर्व्हरवर ‘जेटबॅकअप’ हे जोड-साधन बसवलेले असते. त्यात कंपनीने आपोआप घेतलेल्या प्रतींच्या तारखा दिसतात, आणि फायली, डेटाबेस, ईमेल, क्रॉन, डीएनएस यांपैकी हवा तो भाग वेगळा निवडून उतरवता किंवा परत बसवता येतो. कंपनीने सुरू केले असेल तर सीपॅनेलमध्ये ‘फाइल अँड डिरेक्टरी रिस्टोरेशन’ हाही पर्याय असतो. एखादी फाइल चुकून पुसली गेली असेल तर संपूर्ण साइट मागे न नेता तेवढीच फाइल त्यातून आणता येते. या प्रती सोयीच्या आहेत, परंतु त्या किती दिवस ठेवायच्या हे कंपनी ठरवते. खात्यातल्या फायलींची संख्या किंवा आकार एका मर्यादेपलीकडे गेला की काही कंपन्या त्या खात्याचा बॅकअप घेणेच थांबवतात, आणि ही अट सेवा-शर्तींच्या मजकुरात असते. ती आजच वाचून घ्यावी.

*प्लेस्क आणि डायरेक्टअ‍ॅडमिन.* प्लेस्कच्या बॅकअप व्यवस्थापकात योजनेने परवानगी दिली असेल तर पूर्ण बॅकअप तुम्ही स्वतः परत बसवू शकता. वेळापत्रक, बाहेरील एफटीपी (फायली पाठवण्याची पद्धत) साठवण आणि फक्त बदललेला भाग जपणारा वाढीव बॅकअप हे पर्यायही तिथेच मिळतात. वाढीव बॅकअपबाबत एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी: तो आधीच्या पूर्ण बॅकअपवर उभा असतो, त्यामुळे मूळ पूर्ण प्रत हरवली तर त्यानंतरच्या साऱ्या वाढीव प्रती निकामी होतात. डायरेक्टअ‍ॅडमिनमध्ये ‘क्रिएट/रिस्टोअर बॅकअप्स’ या पानावर कोणते भाग घ्यायचे त्यांवर खूण करता येते, तयार प्रत तुमच्याच खात्यातल्या ‘बॅकअप्स’ फोल्डरमध्ये पडते आणि तिथूनच परत बसवता येते.

टप्पा ३: बटण दाबण्यापूर्वीची तयारी

पूर्ण बॅकअपची फाइल आधी तुमच्याच खात्यात तयार होते आणि तुमच्या जागेच्या मर्यादेतच मोजली जाते. खात्यात ६ जीबी माल आणि अवघी १ जीबी जागा शिल्लक असेल तर बॅकअप अर्धवट राहतो. चित्रे आणि चलचित्रे आधीच संकुचित स्वरूपात असल्यामुळे बांधणी केल्यावरही त्यांचा आकार फारसा घटत नाही, हे हिशेब करताना धरावे.

म्हणून प्रथम ‘डिस्क युसेज’च्या पानावर जागा कुठे गेली ते पाहावे. नेहमीचे तीन दोषी असतात: कॅशेचे (तात्पुरत्या प्रतींचे) फोल्डर, वाढत गेलेल्या त्रुटी-नोंदींच्या फायली, आणि बॅकअप प्लगइनने ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये साठवत नेलेल्या जुन्या प्रती. तिसरा प्रकार विशेष त्रासदायक आहे, कारण पॅनेलचा प्रत्येक नवा बॅकअप त्या जुन्या प्रतींनाही पोटात घेतो आणि दर वेळी फुगत जातो. त्या प्रती आधी संगणकावर उतरवाव्यात, उघडतात ना ते पाहावे, आणि मगच सर्व्हरवरून काढाव्यात. सीपॅनेलमध्ये होम डिरेक्टरीत ‘सीपीबॅकअप-एक्सक्लूड डॉट कॉन्फ’ नावाची फाइल करून तिच्यात एका ओळीत एक असे मार्ग लिहिले तर ती फोल्डरे बॅकअपमधून वगळली जातात.

*सावधान:* वगळण्याची यादी आखूड ठेवावी. ‘कॅशे’ वगळणे योग्य. ‘अपलोड्स’ जड आहे म्हणून ते वगळणे म्हणजे साइटची सगळी चित्रे सोडून देणे होय.

ज्या साइटवर सतत लिखाण, नोंदणी किंवा खरेदी चालू असते तिथे बॅकअपपुरती साइट देखभाल-स्थितीत (भेट देणाऱ्यांसाठी तात्पुरती बंद) ठेवावी. ते शक्य नसेल तर निदान सर्वांत कमी वर्दळीची वेळ निवडावी. वेळ ठरवताना सर्व्हरचे घड्याळ कोणत्या कालविभागात चालते ते पाहावे. तुमची पहाट ही सर्व्हरच्या नोंदीत आदल्या दिवसाची संध्याकाळ असू शकते.

टप्पा ४: बॅकअप घेण्याचा क्रम

१. आधी डेटाबेस. अंशतः बॅकअपच्या भागात, यादीत लिहिलेल्या नावाच्या डेटाबेसवर क्लिक करून ‘एसक्यूएल-जीझेड’ फाइल उतरवावी.

२. मग होम डिरेक्टरी.

हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. डेटाबेस आणि फायली यांच्या प्रती एकाच क्षणी घेता येत नाहीत. मध्ये काही मिनिटे जातात. डेटाबेस आधी घेतला आणि त्या मिनिटांत कोणी नवे चित्र चढवले तर फायलींमध्ये एक जास्तीचे चित्र येते, ज्याने काहीच बिघडत नाही. उलट क्रमाने घेतले तर डेटाबेसमध्ये चित्राचा उल्लेख असतो आणि फायलींत चित्र नसते, म्हणजे परत बसवलेल्या साइटवर रिकामे चौकोन दिसतात.

३. त्यानंतर फॉरवर्डर आणि फिल्टर. या फायली अगदी लहान असतात आणि नेमक्या त्यामुळेच राहून जातात.

४. शेवटी पूर्ण बॅकअप, पण तो दर वेळी घेण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा, तसेच होस्टिंग बदलण्यापूर्वी किंवा मोठी उलथापालथ करण्यापूर्वी तो घ्यावा. ‘बॅकअप डेस्टिनेशन’मध्ये होम डिरेक्टरी, दूरचा एफटीपी सर्व्हर, पॅसिव्ह पद्धतीचा एफटीपी आणि सिक्युअर कॉपी असे पर्याय येतात. दुसरा सर्व्हर हाताशी असेल तर सिक्युअर कॉपी निवडावी, कारण साध्या एफटीपीवरून पासवर्ड आणि मजकूर दोन्ही उघडेच जातात. होम डिरेक्टरी निवडली तर ईमेलचा रकाना भरून ठेवावा. काम पार्श्वभूमीत चालते आणि संपल्याचे पत्र येते.

*सावधान:* ‘बॅकअप सुरू झाला आहे’ या संदेशाचा अर्थ बॅकअप झाला असा नाही. पत्र येईपर्यंत किंवा पानावर ती फाइल पूर्ण झालेली दिसेपर्यंत ती उतरवायला घेऊ नये, नाहीतर अर्धीच बांधलेली फाइल हाती येते.

मोठा डेटाबेस ब्राउझरमधून उतरवताना मध्येच तुटत असेल तर पॅनेलमधल्या डेटाबेस हाताळणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनचा ‘एक्स्पोर्ट’ हा पर्याय वापरून पाहता येतो, पण तोही ब्राउझरवरच अवलंबून असल्याने मोठ्या साइटला अपुरा पडतो. ‘टर्मिनल’ किंवा एसएसएच (सर्व्हरवर थेट आज्ञा देण्याची सुरक्षित सोय) मिळत असेल तर ‘मायएसक्यूएलडंप’ ही आज्ञा ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ या पर्यायासह चालवणे सर्वांत भरवशाचे. इनोडीबी या साठवण-प्रकारच्या तक्त्यांची एकाच क्षणाची सुसंगत प्रत त्यामुळे मिळते आणि साइट अडूनही राहत नाही.

टप्पा ५: उतरवलेली प्रत उघडून पाहणे

हा टप्पा जवळपास सगळे जण गाळतात. त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

सुरुवात आकारापासून करावी. डेटाबेसची ‘एसक्यूएल-जीझेड’ फाइल अवघी २० बाइटच्या आसपास असेल तर ती रिकामी आहे. शून्य मजकूर जीझिपने बांधला की एवढीच फाइल तयार होते. पासवर्ड चुकला, डेटाबेसचे नाव चुकले किंवा जागा संपली तरीही असे कवच तयार होते आणि यादीत ते खऱ्या बॅकअपसारखेच दिसते. मागच्या वेळच्या आकाराशी तुलना करणेही उपयोगी: ८० एमबीचा डेटाबेस अचानक ३० एमबी झाला असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर फाइल उघडावी. विंडोजवर सेव्हन-झिपने, लिनक्स आणि मॅकवर टर्मिनलमध्ये ‘जीझिप’ आज्ञेला ‘-टी’ हा पर्याय देऊन फाइल धड आहे की नाही ते कळते. ‘टार-जीझेड’च्या आतली यादी पाहून ‘पब्लिक_एचटीएमएल’, त्यातले ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ आणि ‘अपलोड्स’मधला अलीकडच्या महिन्याचा फोल्डर दिसतो का ते तपासावे. डेटाबेसची फाइल मजकूर-संपादकात उघडून थेट शेवटी जावे. मायएसक्यूएलडंपने केलेल्या फाइलच्या अखेरच्या ओळीत सर्वसाधारणपणे ‘डंप कंप्लीटेड’ आणि तारीख असते. ती ओळ नसेल आणि मजकूर एखाद्या नोंदीच्या मध्येच तुटला असेल तर ती प्रत अपुरी आहे.

त्याच फाइलमध्ये एखाद्या मराठी लेखाचे शीर्षक शोधावे. देवनागरी नीट वाचता आली तर ठीक. तिच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग असेल तर अक्षरसंचाची निवड चुकली आहे आणि मूळ अक्षरे या प्रतीतून पुन्हा मिळणार नाहीत. अशा वेळी यूटीएफ८एमबी४ हा अक्षरसंच देऊन नवी प्रत घ्यावी.

*सावधान:* मॅकवरचा सफारी ब्राउझर उतरवलेल्या जीझेड फायली आपोआप उलगडतो आणि ‘टार-जीझेड’ऐवजी नुसती ‘टार’ फाइल हाती येते. परत बसवताना सीपॅनेलला मूळ रूप लागते. ‘सुरक्षित’ फायली आपोआप उघडण्याचे सेटिंग आधी बंद करावे. फाइलचे मूळ नावही बदलू नये. कोणत्या डेटाबेसची किंवा कोणत्या दिवसाची प्रत हे त्यावरूनच कळते. तारीख लावायची असेल तर ती फोल्डरच्या नावात लावावी.

टप्पा ६: प्रती कुठे आणि किती काळ ठेवायच्या

सर्व्हरवरच ठेवलेली प्रत सर्व्हरबरोबरच जाते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक संपूर्ण इमारत जळाली, आणि ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच परिसरात होत्या त्यांच्यापैकी काहींच्या साइटबरोबर बॅकअपही गेले. त्यामुळे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणींवर, आणि त्यांतली एक दूरच्या ठिकाणी, हा सर्वमान्य नियम लहान साइटनेही पाळावा. चालू साइट ही पहिली प्रत, तुमच्या बाह्य डिस्कवरची दुसरी, आणि होस्टिंग कंपनीशी संबंध नसलेल्या क्लाउड साठवणीवरची तिसरी, एवढे पुरते.

किती जुन्या प्रती ठेवायच्या, हे बिघाड किती उशिरा लक्षात येऊ शकतो यावर ठरवावे. साइटमध्ये घुसवलेला घातक कोड अनेकदा काही आठवडे गुपचूप पडून असतो. फक्त शेवटच्या सात दिवसांच्या प्रती असतील तर त्या सातही प्रतींत तो असतो. रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात, असे मी सुचवेन. साइट मोठी असेल तर रोजचा फक्त डेटाबेस आणि आठवड्याला फायली, अशी विभागणी चालते.

*सावधान:* बॅकअपची फाइल ‘पब्लिक_एचटीएमएल’मध्ये कधीही ठेवू नये, थोड्या वेळासाठीसुद्धा नाही. तिथली फाइल नाव ओळखणाऱ्या कोणालाही उतरवता येते, आणि ‘बॅकअप’, ‘साइट’, ‘डीबी’ अशी नावे शोधत फिरणारे स्वयंचलित कार्यक्रम सतत चालू असतात. त्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड आणि वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते असतात. त्याच कारणाने क्लाउडवर पाठवायची प्रत पासवर्ड घालून कूटबद्ध करावी आणि तो पासवर्ड साइटच्या बाहेर जपावा.

टप्पा ७: वेळापत्रक लावणे

सीपॅनेलच्या ‘बॅकअप’ पानावर वेळापत्रकाची सोय नाही. तिथला प्रत्येक बॅकअप हाताने घ्यावा लागतो. आपोआप हवा असेल तर जेटबॅकअप, बॅकअपचे प्लगइन किंवा क्रॉन यांपैकी एक निवडावे लागते. क्रॉनमधून डेटाबेसची प्रत घेताना दोन चुका वारंवार दिसतात.

पहिली, पासवर्ड थेट आज्ञेत लिहिणे. तो क्रॉनच्या ओळीत, आणि चालू प्रक्रियांच्या यादीतही, इतरांना दिसू शकतो. तो होम डिरेक्टरीतल्या ‘डॉट माय डॉट सीएनएफ’ या फाइलमध्ये लिहून त्या फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करावी.

दुसरी चूक शोधायला फार वेळ खाते. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून ‘डेट’ आज्ञेबरोबर टक्क्याचे चिन्ह वापरले जाते. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह म्हणजे ओळ संपली असा अर्थ होतो, त्यामुळे टर्मिनलमध्ये उत्तम चाललेली आज्ञा क्रॉनमध्ये तिथेच तुटते. प्रत्येक टक्क्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी, किंवा संपूर्ण आज्ञा एका स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहून क्रॉनमधून फक्त ती फाइल चालवावी. दुसरा मार्ग अधिक स्वच्छ आहे.

*पडताळणी:* ‘काही बिघडले तर पत्र येईल’ यावर विसंबू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेच्या मुख्य डेटाबेसमधला मजकूर चुकून पुसला गेला तेव्हा नेमाने चालणारा डेटाबेस-बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे आधीपासूनच निष्फळ ठरत होता, आणि तसे सांगणारी पत्रे मेल-सुरक्षेच्या नियमांमुळे पोहोचतच नव्हती, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. महिन्यातला एक दिवस ठरवून प्रतींची यादी उघडावी. शेवटची तारीख आणि आकार डोळ्यांनी पाहावा.

टप्पा ८: चाचणी म्हणून एकदा परत बसवणे

खरी गरज पडण्याआधी एकदा सराव करावा. त्यासाठी एक उपडोमेन आणि एक नवा रिकामा डेटाबेस तयार करावा, ‘डिरेक्टरी प्रायव्हसी’ वापरून त्या फोल्डरला पासवर्ड लावावा, फायली तिथे उलगडाव्यात आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या ‘इम्पोर्ट’ने एसक्यूएल फाइल नव्या डेटाबेसमध्ये घ्यावी. चाचणीच्या प्रतीतल्या ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये नव्या डेटाबेसचे तपशील लिहावेत आणि ‘डब्ल्यूपी होम’ व ‘डब्ल्यूपी साइटयूआरएल’ या दोन स्थिरांकांना उपडोमेनचा पत्ता द्यावा. हे केले नाही तर वर्डप्रेस तुम्हाला चालू साइटवर नेऊन सोडते आणि चाचणी यशस्वी झाली असा भास होतो.

*सावधान:* चाचणीची प्रत ही खऱ्या ग्राहकांचे पत्ते असलेली जिवंत साइट असते. तिने पत्रे पाठवू नयेत किंवा रकमा वसूल करू नयेत यासाठी पत्रे पाठवणारी, पैसे घेणारी आणि ठरावीक वेळी चालणारी प्लगइन आधी निष्क्रिय करावीत; त्यासाठी ‘प्लगइन्स’मधल्या त्या फोल्डरांची नावे बदलली तरी पुरते.

टप्पा ९: प्रत्यक्ष बिघाडानंतर परत बसवणे

१. पहिल्यांदा आजच्या बिघडलेल्या स्थितीचा बॅकअप घ्यावा. निवडलेली प्रत अपुरी निघाली तर परतण्यासाठी हीच एक जागा उरते, आणि कालपासूनचे नवे लेख किंवा मागण्या फक्त तिच्यातच असतात.

२. नेमके किती मागे जायचे ते ठरवावे. थीमची एक फाइल बिघडली असेल तर तेवढीच आणावी. दुकानाच्या साइटवर जुना डेटाबेस बसवला की बॅकअपनंतर आलेल्या सगळ्या मागण्या नाहीशा होतात. फायलींचा दोष असताना डेटाबेसला हात लावण्याचे काहीच कारण नसते.

३. साइट देखभाल-स्थितीत न्यावी आणि ‘पब्लिक_एचटीएमएल’चे नाव बदलून त्याच नावाचे रिकामे फोल्डर करावे. होम डिरेक्टरीचा बॅकअप परत बसवताना सीपॅनेल जुळणाऱ्या नावांच्या फायलींवर जुन्या फायली लिहिते, परंतु बॅकअपमध्ये नसलेल्या फायली काढून टाकत नाही. घुसखोराने ठेवलेली फाइल बॅकअपमध्ये नसतेच, म्हणून ती तशीच टिकते आणि दोन दिवसांत साइट पुन्हा बाधित होते. ‘बॅकअप बसवूनही व्हायरस जात नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

४. फायली परत आणाव्यात. होम डिरेक्टरीची संपूर्ण प्रत बसवली तर ‘मेल’ फोल्डरही मागे जाते: पुसलेली पत्रे पुन्हा दिसू लागतात आणि काही पत्रे दुप्पट दिसू शकतात. फक्त साइट हवी असेल तर प्रत संगणकावर उघडून ‘पब्लिक_एचटीएमएल’ तेवढे एसएफटीपीने (फायली सुरक्षितपणे पाठवण्याच्या पद्धतीने) चढवावे. पॅनेलमधून चढवण्याला आकाराची मर्यादा असल्याने मोठ्या साइटला तोच मार्ग घ्यावा लागतो.

५. गरज असेल तर डेटाबेस परत बसवावा. त्याच खात्यात असाल तर वापरकर्ता आधीच असतो. नव्या खात्यात डेटाबेस, वापरकर्ता आणि त्याचे अधिकार हे तिन्ही ‘मायएसक्यूएल डेटाबेसेस’च्या पानावर स्वतः तयार करावे लागतात, शिवाय सीपॅनेल नावांच्या आधी सहसा खात्याचे नाव लावते, म्हणून ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मधली दोन्ही नावे बदलावी लागतात. ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा संदेश आला तर प्रतीला दोष देण्याआधी ही नावे, पासवर्ड आणि वापरकर्ता त्या डेटाबेसला जोडला आहे की नाही ते पाहावे.

६. पीएचपी आवृत्ती, क्रॉन, फॉरवर्डर आणि डीएनएस पहिल्या टप्प्यातल्या यादीशी ताडून घ्यावेत.

*पडताळणी:* मुखपृष्ठ दिसले म्हणजे काम झाले असे मानू नये. ते कॅशेमधूनही येऊ शकते. कॅशे रिकामा करून खासगी खिडकीत एक जुना लेख, एक अलीकडचा लेख आणि त्यातले चित्र उघडावे, लॉगिन करावे, संपर्काच्या फॉर्ममधून एक पत्र पाठवून ते पोहोचते का पाहावे. आतील पाने ‘सापडले नाही’ म्हणत असतील तर बहुधा ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ ही पत्ते वळवण्याचे नियम असलेली लपलेली फाइल आलेली नसते. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याचे सेटिंग सुरू करून ती तपासावी, किंवा वर्डप्रेसच्या ‘परमालिंक’ पानावर काहीही न बदलता एकदा जतन करावे.

घुसखोरीनंतर परत बसवले असेल तर पॅनेल, एफटीपी, डेटाबेस आणि साइटचे प्रशासक यांचे पासवर्ड त्याच बैठकीत बदलावेत, वर्डप्रेसच्या सुरक्षा-किल्ल्या नव्या कराव्यात म्हणजे जुनी लॉगिन बाद होतील, आणि ज्या प्लगइनमधून शिरकाव झाला ते अद्ययावत करावे. परत आणलेल्या प्रतीत तीच जुनी फट अजून उघडी असते. नाव बदलून बाजूला ठेवलेले जुने ‘पब्लिक_एचटीएमएल’ साइट काही दिवस सुरळीत चालेपर्यंत ठेवावे. त्यानंतर त्याची एक प्रत संगणकावर उतरवून ते सर्व्हरवरून काढून टाकावे.